पार्टात निघालेली गाडी

“भंगारवाला म्हणू नका,” एवढी एकच अट नाना घालतात. बाकी काय वाटेल ते म्हणा. मिस्त्री म्हणा, पार्टवाले म्हणा, चिडला असाल तर चोर म्हणा. नाना मनावर घेत नाहीत. भंगारवाला म्हटलं की मात्र हातातला दहा-बाराचा पाना खाली ठेवतात आणि समोरच्याला बसायला पत्र्याचा डबा पुढं सरकवतात. डबा पुढं आला की अर्धा तास गेला.

“भंगारवाला किलोनं घेतो आन् किलोनं इकतो. त्याच्या काट्यावर राजदूतचा क्रँक आन् फुटकं घमेलं एकाच भावानं जातं. आपण नावानं घेतो, नावानं इकतो. आपल्याकडं गाडी मोडीत निघत न्हाई, पार्टात निघती.”

हा मनुष्य एकट्या निमोण्याचा आहे असं समजू नये. न्हावऱ्यात त्याला आबा म्हणतात, इनामगावात तात्या. घोड नदी ओलांडून श्रीगोंदा तालुक्यात शिरलं की गाड्यांवरचा एमएच 12 जाऊन एमएच 16 येतो, पण हा मनुष्य तिथंही पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला आहेच. पन्नाशी उलटलेली, नखांत कायमचं ग्रीस, कानावर सुताराची पेन्सिल आणि कुठल्याही वस्तूकडं बघताना ‘हे कुठून सुटतं’ असा चेहरा. लग्नात नवरदेवाच्या गाडीकडं सगळे फुलांसाठी बघतात, नाना चाकाचे नट बघतात.

गाडी सुटी करताना नानांना बघावं. आधी बॅटरी काढतात. मग टाकीतलं पेट्रोल बाटलीत, इंजिनातलं काळं ऑइल डब्यात. ते ऑइल फेकायचं नाही, गोठ्याच्या खांबांना फासायचं, वाळवी लागत नाही. गंजलेला स्क्रू असला तर त्यावर रॉकेलचे दोन थेंब सोडून ते चहा पिऊन येतात. “त्याला जरा इचार करू द्या,” म्हणतात. चहा झाला की पेचकस लावून वरून हातोडीची एक टिचकी, आणि स्क्रू मुकाट फिरतो. निघालेला प्रत्येक नट पुन्हा त्याच्याच बोल्टवर दोन आटे चढवून ठेवायचा, हा त्यांचा नियम. “जोडपं फोडायचं न्हाई. एकदा ताटातूट झाली की जल्मभर हुडकत बसायचं.” मग ती सगळी जोडपी बिस्किटांच्या बरण्यांत जातात आणि बरणीवर खडूनं गाडीचं नाव पडतं. कुठल्या बरणीत काय आहे हे नानांना झोपेत विचारा.

गुरुजींच्या सीडी हंड्रेडचंच उदाहरण घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले हे गुरुजी. हिरो होंडाची ती गाडी त्यांनी 1996 साली घेतली, मुलासारखी वापरली आणि 2012 साली नानांच्या हवाली केली. आठवड्याभरात ती गावभर पांगली. इंजिन कोळपणी यंत्रावर चढलं आणि कांद्याच्या रानातून फटफटत फिरू लागलं. सीट ट्रॅक्टरच्या मडगार्डवर गेली. हेडलाइट पाटाकडच्या वस्तीवर गेला. थ्री फेज लाइट रात्रीची, दारं धरायला रात्रीच उठावं लागतं, आणि उसात बिबट्या कधी बसलेला असेल सांगता येत नाही. मागचं चाक वैरणीच्या हातगाड्याला लागलं, साइड स्टँड फाटकाचा अडसर झालं. उरलेला सांगाडा नानांनी स्वतःच्या गोठ्यात उलटा गाडून त्यावर कडबाकुट्टीची मोटर बसवली.

“तुमची गाडी मस्त चालूय,” नाना गुरुजींना भेटतील तिथं सांगत. “फक्त एका जागी न्हाई.”

लोखंडाचा हिशेब असा चोख. कागदाची गोष्ट निराळी. आरसी बुकं युरियाच्या रिकाम्या पिशवीत घालून पिशवी आढ्याला टांगलेली, उंदीर पोचू नयेत म्हणून. खाकी पुठ्ठ्यांची जुनी बुकं, मधल्या काळातली स्मार्ट कार्डं, आणि प्रत्येकाबरोबर टीटी फॉर्मचा जोड. म्हणजे 29 नंबरचा आणि 30 नंबरचा फॉर्म. खाली मालकाची सही झोकात, वरची सगळी जागा कोरी. गाडी कोणी घेतली, कधी घेतली, सगळं अध्याहृत. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याचं कलम 50 म्हणतं की विकणाऱ्यानं 14 दिवसांत कळवावं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत. आमच्याकडं दोघंही एकमेकांवर विश्वास ठेवतात आणि कोणीच कळवत नाही. त्यामुळं गाडीचा पिस्टन श्रीगोंद्यात आणि चेन सॉकेट शिक्रापुरात असलं, तरी सरकारदप्तरी गाडी अख्खीच्या अख्खी गुरुजींच्या दारात उभी असते.

दारात उभी असलेली ही गाडी मग एक दिवस हडपसरला दिसली.

गुरुजींच्या मोबाइलवर ई-चलन आलं. हेल्मेट नाही म्हणून दंड. गुरुजींनी आयुष्यात पेन्सिलसुद्धा दुसऱ्याची घेतली नाही. त्यांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी चलनाची छापील प्रत घेऊन ते शेडवर हजर. फोटोत दोन पोरं, भलत्याच कंपनीची गाडी, आणि नंबर मात्र गुरुजींचा. नानांनी कागद उजेडाकडं धरला, डोळे बारीक केले आणि तज्ज्ञाचा अभिप्राय दिला.

“मडगार्ड आपलाच हाय.”

“नाना, नंबर माझा आहे!”

“नंबर कुठं इकला? मडगार्ड इकला. नंबर त्याला हुताच.”

यात नानांची लबाडी नव्हती, हे गावात कोणीही शपथेवर सांगेल. नंबर ही वस्तू त्यांच्या जगात मोडतच नाही, कारण तिला आटे नाहीत. उलट कागदांच्या बाबतीत ते एका अर्थानं सोवळे. शहरातून अधूनमधून डोळ्यांवर गॉगल आणि खिशात नोटा असलेली माणसं शेडवर येतात. त्यांना गाडी नको असते. “नाना, फक्त बुक द्या आणि चासी नंबरचा तुकडा द्या,” म्हणतात, आणि अख्ख्या गाडीला मिळत नाहीत एवढे पैसे पुढं करतात. चोरलेल्या गाडीच्या सांगाड्यावर मेलेल्या गाडीचा नंबर आणि हातात मेलेल्या गाडीचं खरं बुक, म्हणजे चोरी धुऊन निघाली. नाना अशांना चहासुद्धा पाजत नाहीत. पिशवीतला एक कागद त्यांनी आजवर विकलेला नाही. पण सरकारलाही दिलेला नाही. जगातल्या सगळ्या वस्तू कधी ना कधी उपयोगी पडतात यावर त्यांची श्रद्धा आहे, आणि कागद हीही वस्तूच.

गुरुजींनी मात्र कायदा वाचून काढला होता. कलम 55. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकानं 14 दिवसांत, किंवा जमेल तितक्या लवकर, नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला कळवायचं आणि आरसी जमा करायची. मग नोंदणी रद्द होते.

“चौदा?” नानांना हे पटलं. “माणसाचा तेरावा, गाडीचा चौदावा. सरकारनं एक दिवस वाढवून दिला की.”

“तो दिवस उलटून बारा वर्षं झाली, नाना.”

“‘जमेल तितक्या लवकर’ म्हटलंय ना? मंग आत्ता जमतंय.”

यादी निघाली. अर्ज, मूळ आरसी, चलन बाकी नसल्याची खात्री, आणि चासी नंबरचा कापलेला तुकडा. दुचाकीचा कर घेतानाच एकरकमी भरलेला असतो, त्यामुळं ती कटकट नव्हती. पण आरसी उघडली तर तिच्यावर पतसंस्थेचा बोजा. कर्ज गुरुजींनी दोन वर्षांत फेडलेलं, हप्त्यांच्या पावत्या तारखेवार लावलेल्या. बोजा उतरवण्याचा 35 नंबरचा फॉर्म तेवढा राहून गेलेला. पतसंस्थेच्या शिक्क्यासाठी गुरुजींना ज्या माणसाकडं जावं लागलं, तो चौथीत त्यांच्याच हातचा मार खाल्लेला निघाला. त्यानं शिक्का दिला, पण आधी गुरुजींना बाकावर तासभर बसवून ठेवलं.

मग नंबर. नाना गोठ्यात शिरले, कडबाकुट्टीची मोटर उतरवली, उलटा गाडलेला सांगाडा उपटला. हँडल जिथं बसतं त्या नळीवर बारा वर्षांचं शेण, धूळ आणि ऑइल यांचा थर. रॉकेलच्या चिंधीनं नाना तो हळूहळू पुसू लागले. आधी एक आकडा दिसला, मग बाजूचं अक्षर. सगळा नंबर मोकळा झाल्यावर त्यांनी गुरुजींच्या वहीचं पान त्यावर ताणून धरलं आणि कानावरची पेन्सिल आडवी करून घासली. काळ्या शिशात पांढरी अक्षरं उमटत गेली. गुरुजींनी खिशातून आरसी काढली आणि हजेरी घेतल्यासारखा एकेक आकडा मोठ्यानं वाचला. नाना प्रत्येकाला “हाय” म्हणत गेले. जुळल्यावर ग्रायंडर लागला. तळहाताएवढा तुकडा सुटा झाला तसा नानांनी तो पायजम्याला पुसला आणि सवयीनं म्हणाले, “ह्याचं किती करायचं?” गुरुजींनी बघितलं, तसे नुसतेच हसले.

पुण्याला दोघं मिळून गेले. गुरुजी एकटे जाणार होते, पण “पार्ट आपला हाय, आपण पायजे,” म्हणून नाना निघाले. शिरूरहून एसटी, शिक्रापूरची कोंडी, वाघोलीची कोंडी, आणि संगम पुलाजवळचं आरटीओ कार्यालय गाठेतो जेवणाची वेळ. रुमालात बांधलेला तुकडा नानांनी वाटभर मांडीवर धरलेला. खिडकीपलीकडच्या साहेबांनी कागद लावले, तुकडा बघितला, पेन्सिलीचा छाप ताडून पाहिला आणि सहज विचारलं, “बाकीची गाडी कुठे आहे?”

हा प्रश्न नानांना आयुष्यात प्रथमच सरकारनं विचारला होता. ते खुलले. “इंजिन कांद्यात हाय. लाइट पाटाकडं. सीट ट्रॅक्टरवर…” साहेबांनी पेन खाली ठेवला. गुरुजींनी नानांचा पाय दाबला. नानांना वाटलं, काहीतरी राहिलं. म्हणून त्यांनी साइड स्टँडही सांगितला.

पण काम झालं. नोंदणी रद्द झाली, गुरुजींच्या नावावरची गाडी एकदाची गेली. परतीच्या एसटीत गुरुजी कळवळून नानांना समजावत होते. पिशवीतल्या प्रत्येक आरसीमागं एक माणूस अडकलाय. उद्या त्या नंबरानं अपघात झाला तर पोलीस कोणाच्या दारात येतील? आता तर नवी सोयही आहे. 2021 साली केंद्र सरकारनं नियम केले, नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी द्यायची. ते जमा प्रमाणपत्र देतात, नोंदणी तिथूनच रद्द होते, नव्या गाडीच्या करात सवलतही मिळते.

“किलोनं घेत्यात?” नानांनी एवढंच विचारलं.

“हो, वजनावर.”

“मंग भंगारवालेच की,” म्हणून नानांनी खिडकीबाहेर बघितलं.

तरी बोलणं अगदीच वाया गेलं नाही. चार दिवसांनी नानांनी पिशवी उतरवली आणि एकेका मालकाला बोलावून बुकं परत द्यायला सुरुवात केली. चासीचे तुकडे कापून, नावाची चिठ्ठी बांधून. त्यातही धंदा सुटला नाही. नोंदणी रद्द झालेल्या गाडीचा पार्ट ते आता पन्नास रुपये चढ्या भावानं देतात. “बिनघोर माल हाय. मयताचा दाखला झालेला.”

राहता राहिली नानांची स्वतःची राजदूत. 1994 ची, दुधाचे कॅन वाहायला घेतलेली. ती सुटी होऊन जमाना झाला, पण तिची नोंदणी मात्र चालू आहे. नुसती चालू नाही, वेळच्या वेळी नूतनीकरण झालेली आहे. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढं दर पाच वर्षांनी 25 नंबरचा फॉर्म, पर्यावरण कर आणि गाडी समक्ष तपासणीला. त्यामुळं निमोण्यात दर पाच वर्षांनी दोन गोष्टी होतात, ग्रामपंचायतीची निवडणूक आणि नानांच्या राजदूतचं पासिंग. 2009, 2014, 2019, 2024. त्या सुमारास नाना दारोदार फिरतात. कोळपणी यंत्रावरचं इंजिन उतरतं, दोन वस्त्यांवरून चाकं येतात, टाकी शेजाऱ्याच्या फवारणी पंपावरून सुटते. दोन दिवस अर्ध्या गावाची कामं थांबतात, राजदूत उभी राहते, धूर सोडत पुण्याला जाऊन पास होऊन येते, आणि तिसऱ्या दिवशी ज्याचं त्याला परत. नूतनीकरणाची फी 1 एप्रिल 2022 ला 300 वरून 1000 रुपयांवर गेली तेव्हाही नाना डगमगले नाहीत.

“एक अर्ज केलात तर सुटाल,” गुरुजींनी सांगून पाहिलं. “कलम 55.”

“ते निकामी गाडीला. ही कुठं निकामी झालीय? इनामगावला डेक्कन कॉलेजवाल्यांनी मडक्याचे तुकडे जुळवून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव दाखवलं का न्हाई? तेला सगळे इद्वान म्हणत्यात. मी माझी राजदूत जुळवली तर यडा व्हय?”

सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी 1968 पासून वर्षानुवर्षं केलेल्या उत्खननाचा असा उपयोग होईल, हे गुरुजींच्या ध्यानात नव्हतं. ते गप्प बसले.

2024 चं पासिंग झालं आणि नाना 2029 पर्यंत निवांत झाले. तेवढ्यात मध्यावधी निवडणूक लागली. 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची. दुचाकीला 450 रुपये आणि वर जीएसटी. पहिली मुदत मार्च 2025 ची, मग पुढं, मग आणखी पुढं. गावात ज्यांच्या गाड्या अख्ख्या होत्या ते मुदतवाढीची वाट बघत बसले. ज्याची गाडी आठ ठिकाणी होती त्यानं पुतण्याच्या मोबाइलवरून पहिल्याच आठवड्यात तारीख घेतली.

ऐन कांदा काढणीत नाना दारोदार आले तेव्हा लोक वैतागले. “नाना, प्लेट तेवढी घेऊन या की!” पण प्लेट हातात देत नाहीत, गाडीवर बसवूनच देतात. झालं; इंजिन आलं, चाकं आली, टाकी आली. हेडलाइटवाल्यानं मात्र अट घातली, “दारं धरायच्या आत परत पायजे, बिबट्या न्हाई मुदतवाढ देत.”

राजदूत शिरूरला पोचली. मागं गुरुजी बसलेले, साक्षीदार म्हणून. दुकानातल्या पोरानं जुनी प्लेट काढली, नवी लावली. चकचकीत ॲल्युमिनियमची पाटी, निळं अशोकचक्र, कोपऱ्यात लेझरनं कोरलेला क्रमांक. मग त्यानं दोन टोप्यांसारखे लॉक घेतले, हत्यारानं दाबले, टक, टक. नाना वाकून बघत होते. नट नाही, आटे नाहीत, पेचकस लावायला खाच नाही.

“हे काढायचं कसं?”

“निघत नाही काका.”

“निघत न्हाई म्हंजे?”

“स्नॅप लॉक आहे. काढायला गेलं की तुटतं. पुन्हा वापरता येत नाही.”

नानांनी पाना खिशातून काढला, परत ठेवला. पेचकस काढला, ठेवला. बोटानं लॉक फिरवून पाहिलं. रॉकेल मिळेल का, असंही विचारलं. तीस वर्षांत त्यांच्यापुढं असा माल आला नव्हता. गुरुजींना वाटलं, आता तरी हा मनुष्य कलम 55 ला शरण जाईल.

नानांनी गाडीला किक मारली.

“बसा, गुरुजी. जे सुटत न्हाई त्याला पार्ट म्हणत न्हाईत. ते राहू द्या तिथंच. बाकीची समदी संध्याकाळच्या आत वाटायचीय.”